कपाटातला राजीनामा

हिवराळा, जि. अकोला
१० जुलै १९६२, सकाळचे सव्वासहा

दाऊदभाई,
जय भीम आणि सलाम.

काल मी हिवराळ्याची नगराध्यक्षा झाले. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणाची तरी बातमी वाचते आहे असं वाटलं.

कसं झालं ते तुमच्या कचेरीत कळलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐका. पक्षाच्या दोन तटांचं एकमेकांच्या माणसावर जमेना, म्हणून तिसरं नाव शोधताना माझं निघालं. बावीस वर्षं इथल्या दवाखान्यात नर्सबाई होते, दोन्ही तटांची निम्मी लेकरं माझ्याच हातावर आली. खुशालराव, म्हणजे आमच्या तालुक्यातले पक्षाचे पुढारी आणि कापसाच्या जिनाचे मालक, भर सभेत म्हणाले, "बाईले कोनी नाही म्हनत नाही, अन् बाई बी कोनाले नाही म्हनत नाही." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दोन पेले पाणी प्यायले, तरी ते हसणं काही खाली उतरलं नाही.

मिरवणूक निघाली, ताशे वाजले, गुलाल उडाला, आणि सगळं चौकात संपलं. आमच्या वस्तीपर्यंत मिरवणूक आली नाही आणि वस्तीतलं कोणी चौकापर्यंत आलं नाही. मधला रस्ता मी गळ्यातले हार हातात घेऊन एकटीच चालले. दारात शेजारची पंचफुला उभी होती. म्हणाली, "त्यायच्या घोड्यावर बसली माय तू. उतरवतीन बी तेच." तिचंही काही खोटं नाही. वस्ती वेगळ्या झेंड्याखाली उभी होती आणि मी इकडे आले. दवाखान्यासाठी काही करता येईल एवढ्याच लोभानं आले, पण ते कोणाकोणाला सांगत बसणार?

खुर्ची फार मोठी आहे. बसल्यावर माझे पाय जमिनीला लागत नाहीत. रामराव चपराश्यानं पायाखाली एक लाकडी पाट आणून ठेवला.

आता मनातलं. गेल्या गुरुवारी तुमच्यासमोर बसून तो कागद लिहून दिला, तेव्हापासून छातीवर दगड आहे. निवडून यायच्या आधीच राजीनामा! तुम्ही मजकूर सांगत होतात आणि चार गावांचे आम्ही चार उमेदवार शाळेतल्या पोरांसारखे माना खाली घालून लिहीत होतो. "तारीख मोकळी सोडा," असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे पक्षाच्या मनात येईल त्या दिवशी तारीख पडणार, कागद कलेक्टर साहेबांकडे जाणार आणि मी घरी. सगळ्यांकडून घेतात म्हणता, म्हणून दिला. पण खुर्ची माझी आणि तिचा पाय तुमच्या कपाटात, असं कसं बसायचं हो?

प्रकृतीला जपा. जेवण वेळेवर करा.

तुमची बहीण,
दुर्गा


अमरावती
१६ जुलै १९६२

प्रिय बहीण दुर्गा,
दुआ सलाम.

मुबारक हो. तुझं पत्र आलं तेव्हा कचेरीत बसलो होतो. वाचता वाचता चहा गार झाला, मग गारच प्यालो.

पत्रावर तारखेच्या शेजारी घड्याळ आहेच! "सकाळचे सव्वासहा." अगं, आता तू नगराध्यक्षा झालीस, कोणाचं बाळंतपण करत नाहीस. पण तुझ्या त्या जुन्या मॅट्रनबाईंनी छडी मारून शिकवलं होतं ना, कागद हातात आला की आधी वेळ, मग बाकीचं. माझ्या अकीलाच्या जन्माच्या नोंदीतही "दुपारी तीन वाजून सात मिनिटे" आहे. तिच्या निकाहाच्या वेळी काझीसाहेब ते वाचून म्हणाले होते की एवढा पक्का जन्म त्यांनी आजवर पाहिला नाही.

अकीला जन्मली तेव्हा मी हिवराळ्याच्या नाक्यावर कारकून होतो. बाळंतपणात माझी बिल्कीस जगत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि तू बाहेर येऊन म्हणालीस, "दोघी बी आहेत." मी तिथंच म्हटलं की आजपासून तू माझी बहीण. दीक्षा घेतल्यावर तू भाऊबीज सोडलीस, पण भाऊ सोडला नाहीस. म्हणून मी अजून दरवर्षी त्या दिवशी येतो, तू ओवाळत नाहीस, आणि आपण चहा पितो.

आता कागदाचं. तुझं पाकीट लाखेनं बंद करून लोखंडी कपाटात ठेवलं आहे, किल्ली माझ्या कमरेला असते. एकोणीस वर्षं या कचेरीचं चिटणीसपण केलं, अशी पाकिटं ढिगानं ठेवली, कोर्टात उभं राहायची वेळ एकाही पाकिटावर आली नाही. त्याची काळजी तू करू नकोस. का करू नकोस, ते विचारू नकोस. भावाचं ऐक आणि काम कर.

इकडे खैरियत आहे. बिल्कीसला जाऊन तीन वर्षं होतील. अकीला खंडव्याला सासरी सुखात आहे. घरी गेलं की भिंतीच असतात, म्हणून मी कचेरीतच जास्त बसतो. लोकांना वाटतं म्हातारा फार कामसू आहे.

तुझा भाऊ,
दाऊद


हिवराळा
४ सप्टेंबर १९६२, दुपारचे पावणेदोन

दाऊदभाई,

काम कर म्हणालात, म्हणून करायला घेतलं आणि पहिल्याच पावलाला ठेच लागली.

बाजाराला लागून नगरपालिकेची मोकळी जागा आहे, तुम्ही पाहिलेली. मागच्या सभासदांनीच तिथं सूतिकागृह बांधायचा ठराव केला होता. आता पक्षाचं म्हणणं असं की ती जागा खुशालरावांच्या जिनाला रुईच्या गाठी ठेवायला द्यावी, सूतिकागृह मागाहून कुठंतरी बघू. खुशालराव स्वतः येऊन बसले. बोलणं गोड. "बाई, कापूस भिजून राह्यला. कापूस भिजला त गाव बसते. बाया काय, आजपावतो घरीच बायतीन होत आल्या."

मी म्हटलं, "घरी किती मेल्या, ते माह्या वहीत आहे."

त्यांचा चेहरा बदलला. उठता उठता म्हणाले, "कागद अमरावतीले आहे, ध्यानात ठेवा."

भाऊ, गेल्या महिन्यात शालू नावाची पोरगी खेड्यावरून बैलगाडीत आली. दवाखान्यात दोनच खाटा, दोन्ही भरलेल्या. व्हरांड्यात तिचं बाळंतपण झालं. वरून पाऊस, समोर बाजार. रामराव चपराशी पाठ करून गोणपाट धरून उभा होता, पुरुषमाणूस, लाजेनं अर्धा झालेला. मी नगराध्यक्षा आहे हे विसरून पदर खोचला आणि नवीन नर्सच्या हाताखाली काम केलं. पोरगा चांगला आहे. पण त्या पोरीनं जाताना तोंड झाकून घेतलं होतं, चोरी केल्यासारखं. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सभासद अठरा. माझ्या अंदाजानं नऊ इकडे, नऊ तिकडे. ११ ऑक्टोबरला सभा आहे. मतं सारखी पडली तर निर्णायक मत माझं.

आता माझ्या खोलीत कोणी येत नाही. आधी सह्यांच्या निमित्तानं चारजण बसायचे, चहा व्हायचा. आता रामराव कागद ठेवतो, मी सही करते, तो कागद उचलतो. वस्तीत गेलं तर तिथंही बाया बोलता बोलता थांबतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून दहा शब्द निघत नाहीत, हे तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला सांगू?

म्हणून एकच विचारते. खुशालरावांनी मागितलं तर कपाट तुम्ही उघडाल का? किल्ली तुमच्या कमरेला आहे. हो किंवा नाही, एवढंच लिहा.

दुर्गा


पक्ष कार्यालय, वऱ्हाड विभाग, अमरावती
२१ सप्टेंबर १९६२

मा. नगराध्यक्षा श्रीमती दुर्गाबाई तायडे यांस, स. न. वि. वि.

हिवराळा येथील बाजारालगतच्या जागेसंबंधी आपणांस कळविण्यात येते की, ११ ऑक्टोबरच्या सभेत सदर जागा जिनासाठी देण्याच्या ठरावास आपण पाठिंबा द्यावा असा पक्षाचा आदेश आहे. आदेशाविरुद्ध वर्तन झाल्यास आपण निवडणुकीपूर्वी कार्यालयाच्या स्वाधीन केलेल्या पत्राचा योग्य तो उपयोग करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

कळावे,
दाऊद खाँ
कार्यालय चिटणीस


हिवराळा
२५ सप्टेंबर १९६२, सकाळचे सात

चिटणीस साहेब,

हो किंवा नाही विचारलं होतं, तुम्ही शिक्का पाठवलात. बहिणीचं पत्र कोणत्या फायलीत लावलंत?

"आपणांस कळविण्यात येते." वीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा आपण म्हणालात. मी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसले, तर पाय पाटावरून घसरला. पक्ष काय करेल ते मला माहीत होतं आणि त्याचं मला भय नव्हतंच फारसं. मला वाटत होतं एक दार आपलं आहे, तेवढं चुकलं.

११ तारखेला मत मी माझ्या मनानं देणार. १२ तारखेला कपाट उघडा आणि मोकळे व्हा. यंदा भाऊबीजेला येऊ नका. चहा तुम्हाला तिकडेही मिळतो.

दुर्गाबाई तायडे


अमरावती
३१ ऑक्टोबर १९६२

दुर्गा,

येऊ नका लिहिलं होतंस, तरी काल आलो होतो. सवय. बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला आणि तिथून मोटारीनं. गाडीत सगळे सीमेवरच्या लढाईचंच बोलत होते. हिवराळ्याला उतरलो आणि मग तुझ्या घराकडे पाय वळेना. नगरपालिकेच्या बाजूनं गेलो. सणाच्या दिवशीही तुझ्या खोलीची खिडकी उघडी होती. तू एकटी बसली होतीस, चष्मा लावून काही वाचत होतीस आणि पाय पाटावर होते. मी निंबाच्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिलो. मग रामरावाजवळ नानकटाईचा पुडा दिला आणि परतीची मोटार धरली. कोणी दिला ते सांगू नकोस असं त्याला म्हटलं होतं. त्यानं सांगितलंच असेल.

११ तारखेचं सगळं कळलं. नऊ आणि नऊ, आणि दहावं तुझं. हात वर करताना तू खुशालरावांकडे पाहत होतीस म्हणे. मला त्या दिवशी काय वाटलं ते आज लिहीत नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

खुशालराव तीनदा इथं येऊन गेले. वऱ्हाड कचेरीचे आमचे वकीलसाहेब पक्षाच्या कामानं मुंबईत आहेत. ते परत आले की त्यांच्यासमोर पाकीट उघडेल. मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून देत नाही, दुर्गा. देता येत नाही. थोडा धीर धर.

दाऊद


हिवराळा
२० नोव्हेंबर १९६२, सायंकाळचे साडेपाच

दाऊदभाई,

लिहिणार नव्हते, पण आता लिहावंच लागतं आहे.

११ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी मी कचेरीतून चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या आणि माझी जुनी वही पिशवीत घालून घरी आणते. उद्या ही खोली आपली नसेल, मग कोणाला मागत बसायचं? सकाळी पुन्हा नेते. रामराव पिशवीकडे बघतो. टपालवाला आला की कलेक्टर कचेरीचा लिफाफा असेल असं वाटून मी आधीच उठून उभी राहते. असे चाळीस दिवस गेले. बाजारात बाया दुरून हात जोडतात, पण घरी कोणी येत नाही. उद्या पडणाऱ्या माणसाच्या घरी सापडायला नको म्हणून.

काल रामरावानं ऐकून आणलं की अमरावतीला पाकीट उघडलं, आणि खुशालराव तिथून तोंड काळंठिक्कर करून परत आले. कोणाशी बोलत नाहीत. आणि माझ्याकडे काहीच आलं नाही.

भाऊ, तुम्ही काय केलंत? कागद फाडलात? जाळलात? पाकिटात कोरा कागद घातलात? माझ्यासाठी केलं असेल तरी मला ते चालणार नाही. मी तो कागद माझ्या हातानं लिहून दिला होता, कोणी डोक्यावर काठी धरली नव्हती. चोरीच्या खुर्चीवर मी बसणार नाही. तसं असेल तर सांगा, मी उद्याच्या मोटारीनं येते आणि दुसरा लिहून देते.

दुर्गा


अमरावती
२८ नोव्हेंबर १९६२

प्रिय दुर्गा,

"उद्याच्या मोटारीनं येते आणि दुसरा लिहून देते." हे वाक्य तू लिहिणार हे मला जुलैपासून माहीत होतं. याच वाक्याच्या भीतीनं गप्प होतो. आता पहिल्यापासून ऐक.

पाच जुलैला तुम्ही चौघं कचेरीत बसलात. मी कागद वाटले. मजकूर सांगायला तोंड उघडलं, "तारीख मोकळी सोडा" म्हणालो आणि तुझ्याकडे पाहिलं, तर तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान खाली घातली होतीस. तुझी लेखणी आधीच चालून गेली होती. नंतर कागद गोळा केले तेव्हा वाचलं. वरच्या कोपऱ्यात, तुझ्या त्या गोल अक्षरात, "५ जुलै १९६२, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे." निवड नऊ तारखेची. म्हणजे नगराध्यक्षपद मिळायच्या चार दिवस आधी तू त्याचा राजीनामा देऊन मोकळी झालीस! असला कागद कलेक्टर साहेबांसमोर ठेवला तर चपराशीसुद्धा हसेल.

वकीलसाहेबांनी घाईत फक्त खालची सही पाहिली. मी घडी घातली, लाख लावली, कपाट बंद केलं.

तेव्हा फार मोठं काही मनात होतं असं नाही. मला गंमत वाटली आणि बरं वाटलं, एवढंच. तुला सांगितलं असतं तर तू पदर खोचून परत आली असतीस आणि दुसरा कागद लिहून दिला असतास. शब्द दिला म्हणजे दिला, हा तुझा रोग जुना आहे.

आता वाईट भाग. तो लपवला तर बाकीचंही खोटं होईल. सप्टेंबरात खुशालरावांनी कचेरीत येऊन टेबलावर हात आपटला आणि तुला तंबी देणारं पत्र माझ्याकडून स्वतः उभं राहून लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "दाऊदमियाँ, जावयाच्या बदलीचं तुमीच सांगत होते ना? करून टाकू." जावयाची अमरावतीला बदली झाली तर अकीला इथं राहायला येणार. घरात नातू खेळेल. दुर्गा, दोन दिवस मी ठरवलं होतं की वकीलसाहेबांना हळूच सांगायचं, बाईंच्या कागदात चूक आहे, बोलावून नवा लिहून घ्या. तू हसत येऊन लिहून दिला असतास आणि माझ्यावर कोणाचा संशयही गेला नसता. दोन दिवस मी तुझा भाऊ नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अकीलाच्या जन्माचा दाखला ट्रंकेतून काढून बघत बसलो आणि मग काही करायचं उरलं नाही. तुला उत्तर लिहिता आलं नाही ते त्या दोन दिवसांच्या लाजेनं.

पंधरा तारखेला वकीलसाहेबांनी पाकीट फोडलं. खुशालराव कलेक्टर कचेरीत न्यायला टोपी घालून तयार उभे होते. वकीलसाहेबांनी वरचा कोपरा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हा कागद तुम्ही वाचला नव्हता, खाँसाहेब?"

खोटं बोलता आलं असतं. म्हातारा झालो, दिसत नाही, असं म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी म्हटलं, "वाचला होता साहेब."

"मंग सांगतलं काहून नाही?" खुशालराव ओरडले.

"कोनी विचारलं नाही," मी म्हटलं.

कमरेची किल्ली तिथंच टेबलावर ठेवून आलो. एकोणीस वर्षांत कपाट बंद केल्याशिवाय घरी गेलो नव्हतो, त्या दिवशी उघडं टाकून गेलो. आता रोज सकाळी नऊला पाय आपोआप निघतात, चौकापर्यंत जातात आणि तिथून परत येतात. अकीला काही येत नाही. ते जाऊ दे.

हो किंवा नाही विचारलं होतंस. माझं उत्तर "नाही" हेच होतं, दोन दिवस सोडून. आता तुला सगळं माहीत आहे. मोटार पकडायची तर पकड.

तुझा भाऊ,
दाऊद


हिवराळा
९ डिसेंबर १९६२, सकाळचे आठ

दाऊदभाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. खोलीत एकटीच, मोठ्यानं. रामराव धावत आला. मग रडायला लागले तेव्हा तो बिचारा दार ओढून बाहेर उभा राहिला.

मला राग आहे, तो लिहिते. चाळीस दिवस मी पिशवी भरत होते आणि तुम्हाला ठाऊक होतं की कोणी मला हलवू शकत नाही. तुमच्या एका ओळीनं ती पिशवी सुटली असती. पण ती ओळ आली असती तर मी खरंच मोटार पकडली असती, हेही खरं. माझा स्वभाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, याचाही मला रागच आहे.

त्या दोन दिवसांचं तुम्ही लिहिलंत म्हणून बाकीचं सगळं मी खरं मानते. नातू दारात खेळावा असं वाटणं हा गुन्हा नाही. गावभरची पोरं हातावर आली, तरी माझ्या दारात कोणीच खेळलं नाही. ते वाटणं काय असतं ते मला कळतं.

परवा खुशालराव आले होते. झालं ते झालं म्हणाले, नवा कागद लिहून द्या, या खेपेला वकीलसाहेब स्वतः मजकूर सांगतील. मी विचार केला. शब्द दिला होता हे खरं. पण जी खुर्ची अजून माझी नव्हती ती मी गहाण टाकून बसले होते, आणि ती माझी नाहीच, गावाची आहे. मी म्हटलं, "नाही." ते थांबून राहिले, पुढं काही येईल म्हणून. पुढं काही नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून हा शब्द ऐकला नसेल.

ते गेल्यावर मात्र मला भीती वाटली. पक्ष सुटला. वस्ती आधीच सुटली होती. आता मला कोणाला काही विचारायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. माझं चुकलं तर "बाई, चुकलं" म्हणणारं माणूस या गावात नाही. अशी खुर्ची मला नको, भाऊ. तिच्यावर बसून माणूस कसा होतो ते मी पाहिलं आहे.

म्हणून सोबत एक कागद आहे. राजीनामा. कलेक्टर साहेबांच्या नावे, माझ्या अक्षरात, खाली सही. वर तारीख नाही आणि वेळही नाही. तीन कागद वाया गेले, हात ऐकेना. चौथ्या वेळी डावा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर दाबून धरला आणि मग मजकूर लिहिला.

हा पक्षाला नाही, तुम्हाला. घरी ठेवा. मीही खुशालरावांसारखी बोलायला लागले, कोणाची जागा कोणाला द्यायला लागले, असं ज्या दिवशी तुमच्या कानावर येईल त्या दिवशी वर तारीख घाला आणि पाठवून द्या. मला विचारू नका. मी त्यांना जे देणार नाही ते तुम्हाला देते आहे.

काल तांब्या घरी आणला नाही. खुर्चीशेजारीच ठेवून आले.

तुमची बहीण,
दुर्गा


अमरावती
१० जुलै १९६५, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे

प्रिय बहीण दुर्गा,
दुआ सलाम.

काल तुझी मुदत संपली. म्हणजे आजपासून तू कोणी नाहीस. मी तर अडीच वर्षांपासून कोणी नाही. कोर्टासमोरच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि प्रत्येकाला आधी तारीख विचारतो.

तुझा कागद परत पाठवतो आहे. तो मी बिल्कीसच्या ट्रंकेत ठेवला होता, अकीलाच्या दाखल्याखाली. एकदाच बाहेर काढला. पंचफुलाची भाजीची टोपली तू रस्त्यावरून उठवलीस असं ऐकलं, तेव्हा. वाटलं, गेली, हीपण गेली. दौत उघडली, टाक बुडवला आणि लिहायला बसलो. मग म्हटलं, उद्याचं टपाल बघू. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं की सूतिकागृहाच्या भिंतीलगत तिला पक्की जागा दिली आणि आता ती तुझ्याशी बोलते. टाक धुऊन ठेवला. एक शाईचा थेंब कागदावर पडला आहे, तो त्या दिवसाचा. माफ कर.

तू लिहिलं होतंस की सूतिकागृहातल्या पहिल्या पोरीची वेळ तू स्वतः वहीत घातलीस. ते पत्र मी दोघातिघांना वाचून दाखवलं. त्यांना त्यात काय एवढं, ते कळलं नाही.

आता कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बघ. तारीख मी घातली आहे, आजची. वेळही घातली, तुझ्यासारखी. पहिला राजीनामा तू खुर्ची मिळायच्या आधी दिलास, हा खुर्ची गेल्यावर दिलास. दोन्ही सारखेच निकामी. मधली तीन वर्षं तुझी होती.

भाऊबीजेला अजून बराच अवकाश आहे, आणि या गुडघ्यांनी माझ्याच्यानं आता मोटारीचा प्रवास होत नाही. यंदा तू ये. पाट मी करवून ठेवला आहे. माझी खुर्चीही उंच आहे.

दाऊद